वाचनगट आणि लांबलेली पाने

प्रश्न : आमचा वाचनगट कॉनी विलिस यांची ‘डूम्सडे बुक’ ही काळप्रवासाची कादंबरी वाचत आहे, परंतु निम्मे सदस्य आरंभीच कंटाळले. काय करावे? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : १९९२ च्या या कादंबरीने ह्यूगो व नेब्युला हे विज्ञानकथांचे दोन्ही मानाचे पुरस्कार पटकावले असले, तरी २०५४ सालच्या ऑक्सफर्डमधील माणसे मोबाइलअभावी फोनची वाट पाहत बसतात, ती पाने (आमच्या मते) लांबलीच आहेत, ती घरी भरभर वाचावीत. तिथून चौदाव्या शतकातील खेड्यात पोहोचलेली इतिहासाची विद्यार्थिनी किव्हरिन प्रार्थनेसारखे हात जोडून मनगटात बसवलेल्या यंत्रात नोंदी करते; त्या नोंदी मात्र बैठकीत आळीपाळीने मोठ्याने वाचाव्यात. ती नेमकी कोणत्या वर्षी पोहोचली, हे पुढे गेलेल्यांनी कृपया फोडू नये.