ओर्शेगला जाताय? मग एवढं ऐका

बुडापेस्टहून एका दिवसात ओर्शेग 'उरकायचा' बेत आधी सोडा. हंगेरीच्या पश्चिम टोकाला, स्लोव्हेनियाच्या सीमेलगतची ही खेडी पायी नाहीतर सायकलने बघायची. मुक्काम ओरिसेंतपेतेरला करा, निदान दोन रात्री. शनिवार-रविवारी बस कमी असतात, परतीची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा.

सालाफोला गेलात की गावाचा चौक शोधत बसू नका. इथे गाव म्हणजे टेकड्यांवर विखुरलेल्या वाड्या. त्यांना 'सेर' म्हणतात. पित्येरसेर ही वाडी संग्रहालय म्हणून जपली आहे. जाड ओंडक्यांच्या भिंती, वर मातीचा गिलावा, गवताचं छप्पर आणि तीन बाजूंनी अंगण कवेत घेणारं घर. त्या अंगणात जरा वेळ बसाच. घाई केलीत तर फक्त फोटो मिळतील.

वेलेमेरचं छोटं चर्च मात्र चुकवू नका. योहानेस अक्विला या चित्रकाराने 1378 मध्ये रंगवलेली भित्तिचित्रं तिथे आहेत. ऊन असेल त्या दिवशी जा. खिडकीतून आलेला उजेड भिंतीवर सरकतो तसे एकेक चेहरे उजळत जातात. मला स्वतःला अख्ख्या भागात हीच जागा सर्वांत प्रिय.

खाण्याचं म्हणाल तर भोपळ्याच्या बियांचं तेल घ्याच. बाटलीत काळपट दिसतं, पांढऱ्या ताटलीत ओतलं की गर्द हिरवं. शाकाहारी असाल तर बटाट्याचं 'दोदोल्ले' मागवताना डुकराची चरबी वापरली आहे का, हे आधी विचारा.


आणि वाटेत कुणी भेटलं तर 'यो नपोत', म्हणजे हंगेरियनमध्ये 'नमस्कार', म्हणायला विसरू नका.