वाचकांचे प्रश्न : तापमानाच्या जुन्या नोंदी आणि त्यांतल्या दुरुस्त्या

प्रश्न : तापमानाच्या जुन्या नोंदींत शास्त्रज्ञ नंतर दुरुस्त्या करतात, असे वाचले. मग पृथ्वी तापते आहे हा निष्कर्ष त्या दुरुस्त्यांमधूनच आलेला नाही ना?

उत्तर : नाही. सगळ्या दुरुस्त्या काढून टाकल्या, तर एकोणिसाव्या शतकापासूनची वाढ उलट थोडी जास्तच दिसते. कारण समुद्रात आहे. पृष्ठभागाचा ७१ टक्के भाग पाण्याचा, त्यामुळे सरासरीत त्याचेच पारडे जड. पूर्वी जहाजावरून दोराने बादली सोडत, पाणी वर ओढत आणि त्यात तापमापी बुडवत. कॅनव्हासच्या बादलीतून पाणी पाझरते, वाऱ्यावर वाळते आणि माठातल्यासारखे आतले पाणी गार होते. वाचायला चार-पाच मिनिटे लागली की नोंद काही दशांश अंशांनी कमी. पुढे इंजिन थंड करायला आत घेतलेले पाणी मोजू लागले. तिथल्या उबेने आकडा किंचित जास्त येतो. दुसऱ्या महायुद्धात या पद्धतीचे प्रमाण एकदम वाढले, कारण रात्री डेकवर दिवा लावून बादली वाचणे धोक्याचे होते. बादलीच्या जुन्या नोंदी म्हणून वर उचलाव्या लागतात, आणि जुने आकडे वर गेले की एकूण वाढ घटते.

जमिनीवर वेळेचा घोळ मोठा. कमाल तापमापी, म्हणजे दिवसातले सर्वांत जास्त तापमान धरून ठेवणारी तापमापी, संध्याकाळी पाचला वाचून पूर्ववत केली, तर हवा तेव्हाही तापलेलीच असते. दुसरा दिवस गार गेला तरी आदल्या दिवसाची उष्णता त्याच्या खात्यावर पडते. अमेरिकेत अनेक केंद्रांनी वाचनाची वेळ संध्याकाळवरून सकाळी आणली. दुरुस्ती केली नसती तर तिथे खोटीच थंडी दिसली असती. असे बदल पकडायला एका केंद्राच्या नोंदीतून शेजारच्या केंद्रांची सरासरी वजा करतात. हवामान खरेच बदलले असेल तर सगळी केंद्रे बरोबर हलतात. एकाच केंद्रात अचानक पायरी दिसली, तर तिथे उपकरण, जागा किंवा वेळ बदललेली असते.

प्रश्न : उपलब्ध आकडे घेऊन स्वतः जागतिक सरासरी काढता येईल का?

उत्तर : जरूर काढा, पण थेट तापमानांची सरासरी काढू नका. डोंगरावरचे थंड केंद्र मध्येच बंद पडले तरी सरासरी वर जाईल. प्रत्येक केंद्राची ३० वर्षांची सरासरी महिनावार काढा, दर महिन्याच्या नोंदीतून ती वजा करा आणि पुढे फक्त हा फरक वापरा. मग अक्षांश-रेखांशांचे ५ अंशांचे चौकोन पाडून चौकोनागणिक सरासरी घ्या आणि तिला अक्षांशाच्या कोसाइनने गुणा. ६० अंशांवरचा चौकोन विषुववृत्तावरच्यापेक्षा निम्मा असतो. ही पायरी बहुतेकांकडून सुटते. मग झपाट्याने तापणाऱ्या आर्क्टिकला अवास्तव वजन मिळते आणि उत्तर फुगते. शेवटी सगळे गुणाकार मिळवून वापरलेल्या कोसाइनांच्या बेरजेने भागा.

तुलना करताना आधारकाळ, म्हणजे ज्या वर्षांच्या सरासरीपासून फरक मोजला तो काळ, तपासा. नासाचा १९५१–१९८०, तर पॅरिस करारातली १.५ अंशांची मर्यादा १८५०–१९०० च्या सरासरीपासून मोजतात. जागतिक हवामान संघटनेने २०२४ साठी दिलेला सुमारे १.५५ अंशांचा आकडा या दुसऱ्या मापाचा आहे.