टक्केवारी काढण्याआधी पक्ष्याचं वजन बघ

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा तक्ता वाचला. नव्या खाद्यावरच्या पक्ष्यांचं यकृत शरीरवजनाच्या टक्केवारीत मोठं भरलं, म्हणून खाद्याचा यकृतावर ताण आला, असं तू लिहिलंस. पण त्या गटाचे पक्षी मुळात हलके आहेत. हलक्या ब्रॉयलरचं यकृत टक्केवारीत एरवीही मोठंच दिसतं.

सगळे अवयव एका वेगानं वाढत नाहीत. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमचं पिल्लू आधी आतडी, यकृत, स्वादुपिंड वाढवतं. पहिल्या आठवड्यात हे अवयव शरीराच्या पुढे धावतात, मग मागे पडतात. छातीचं मांस आणि पोटातली चरबी नंतर जोर धरतात. खेकड्याच्या नांगीची वाढ मोजताना ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्सलीनं १९२४ साली मांडलेली रीत इथेही लागू पडते. अवयवाचं आणि शरीराचं वजन, दोन्हींचे लॉग (लॉगरिदम) घेऊन आलेख काढ आणि रेषेचा चढ बघ. चढ एक असेल तरच टक्केवारी कायम राहते. समजा, यकृताचा चढ ०.८ आहे आणि एक किलोच्या पक्ष्यात ते २५ ग्रॅम भरतं. मग दोन किलोच्या पक्ष्यात ते साधारण ४३.५ ग्रॅम भरेल. टक्केवारी २.५ वरून २.२ च्या आसपास उतरली, आणि पक्षी दोन्ही ठणठणीत! तेव्हा शरीरवजन कोव्हेरिएट, म्हणजे ज्याचा परिणाम आधी वेगळा काढायचा असा घटक, धरून गणित पुन्हा मांड.

हृदयासाठी जास्त वेळ दे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात जुन्या-नव्या जाती एकाच खाद्यावर वाढवल्या, तेव्हा ५६ व्या दिवशी १९५७ ची जात ९०५ ग्रॅम भरली आणि २००५ ची ४,२०२ ग्रॅम. त्या वाढीत छातीच्या मांसाचा वाटा मोठा, आणि एवढ्या मांसाला प्राणवायू पुरवायचा तो शरीराच्या जेमतेम अर्धा टक्का वजनाच्या हृदयानं. पोटात पाणी भरून मरणारे पक्षी बहुधा भराभर वाढणारेच असतात, ते यामुळे. अशा पक्ष्यात अख्ख्या हृदयाचं वजन फारसं काही सांगत नाही. उजवी जवनिका, म्हणजे फुप्फुसांकडे रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा, कापून वेगळी तोल आणि दोन्ही जवनिकांच्या एकत्रित वजनाला तिचं प्रमाण काढ. ते पाव हिश्शाच्या बरंच वर गेलं, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दाब वाढलाय असं समज. मला हा आकडा शरीरवजनाच्या टक्केवारीपेक्षा कितीतरी भरवशाचा वाटतो.

गिझर्डचं, म्हणजे दाणे भरडणाऱ्या स्नायुमय जठराचं, वेगळं आहे. भरड दाणा दिला की पक्षी लहान असो वा मोठा, तो स्नायू जाड होतो. म्हणून दळण किती बारीक होतं, ते नोंदवल्याशिवाय त्याच्यावर बोलू नकोस. गिझर्ड रिकामा करून, भोवतीची चरबी काढूनच तोल. सगळे पक्षी सारखेच तास उपाशी ठेव, नाहीतर आतड्यातलं खाद्यही शरीरवजनात मोजलं जातं.

पुढच्या वेळी गटाच्या सरासऱ्या पाठवू नकोस. प्रत्येक पक्ष्याची स्वतंत्र ओळ हवी: टॅग नंबर, नर की मादी, वय, उपाशीपोटीचं वजन, मग अवयव. त्या हाती आल्या की चढ आपण दोघं मिळून काढू.

तुझे सर