गणिताच्या बाईंना विचारा : पाया सहावीचा, पेपर डिप्लोमाचा

प्रश्न : आदरणीय बाई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावचा. पणजीला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. चौथीपर्यंत सरकारी मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी. २०२० च्या जूनमध्ये सहावीत गेलो, तेव्हा शाळा बंद आणि वर्ग मोबाईलवर. रेंज मिळवायला डोंगरावर चढावं लागायचं, पावसात तेही जमायचं नाही. सातवीचंही अर्धंमुर्धंच झालं. दहावी पाठांतरावर काढली. आता पार्शल फ्रॅक्शन्स (एका मोठ्या अपूर्णांकाचे सोपे तुकडे करणं) चालू आहेत. सर फळ्यावर भराभर लिहितात, मी उतरवून घेतो, आणि खोलीवर येऊन वही उघडली की काही उमगत नाही. पहिल्या चाचणीत २० पैकी ४ मिळाले. आई म्हणते, आपल्या घरात गणित कुणालाच आलं नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस. पुन्हा सहावीपासून सुरू करू का? तेवढा वेळ आहे का? उत्तरपत्रिकेचे फोटो सोबत पाठवतो.
(एक विद्यार्थी, सत्तरी)

उत्तर : फोटो पाठवलेस हे बरं केलंस. पत्रापेक्षा मला त्यातच जास्त वाचायला मिळालं.

सहावीचं पुस्तक पहिल्या पानापासून सोडवत बसू नकोस. पाया कच्चा म्हटलं की सगळे हाच सल्ला देतात आणि पोरं दुसऱ्या आठवड्यात कंटाळून पुस्तक मिटतात. त्यातलं निम्मं तुला येतं आणि उरलेल्यातलं बरंचसं आत्ता लागत नाही. काय येत नाही ते तुझ्या उत्तरपत्रिकेतच लिहिलेलं आहे. लाल पेन घेऊन बस आणि चुकलेल्या प्रत्येक गणितात पहिली चुकीची ओळ कुठली ते शोध. शेवटचं उत्तर बघूच नकोस. मी तेच केलं.

दुसऱ्या प्रश्नात २(क्ष − ५) − ३(क्ष − ४) होतं. तू कंस सोडवून २क्ष − १० − ३क्ष − १२ लिहिलंस. शेवटी + १२ हवे होते. त्याखालच्या चारही ओळी अगदी बरोबर आहेत, फक्त चुकीच्या आकड्यावर उभ्या आहेत. चौथ्यात ३क्ष = −९ पर्यंत नीट आलास आणि मग क्ष = −९ − ३ = −१२. पाचव्यात (क्ष + ६)/६ मधला ६ वर-खाली कापून नुसता क्ष ठेवलास. म्हणजे डिप्लोमाच्या गणितात तू नापास झालेला नाहीस बाबा. ऋण चिन्ह, कंस आणि अपूर्णांक या तीनच गोष्टींनी तुझे बहुतेक गुण खाल्ले आहेत. आणि तिन्ही गोष्टी सहावी-सातवीतल्या, तू डोंगरावर रेंज शोधत होतास तेव्हाच्या.

चौथ्या प्रश्नातली चूक मी फोंड्याच्या शाळेत वर्षानुवर्षं पाहिली, आणि तिचा दोष मी मुलांना देत नाही. ‘पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं’ हे वाक्य आम्ही शिक्षकच त्यांच्या तोंडात घालतो. घाईच्या वेळी ते चालून जातं, पण त्यात नेमकं काय घडतं ते झाकलं जातं. पलीकडे काहीच जात नसतं. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना आपण एकच गोष्ट करतो. क्ष + ३ = −९ असेल तर दोन्हीकडून ३ वजा करायचे. ३क्ष म्हणजे तीन क्ष, म्हणून दोन्हीकडे ३ ने भागायचं, आणि क्ष = −३. पुढचा महिनाभर ‘पलीकडे नेलं’ हे शब्द वापरायचेच नाहीत. प्रत्येक ओळीच्या कडेला ‘दोन्हीकडे ३ ने भागले’ असं मराठीत लिही. वेळ लागेल, लागू दे.

ऋणातून ऋण गेलं की अधिक का होतं, हे पाठ करू नकोस. गणितज्ञ ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले तेही मालमत्ता आणि कर्ज याच भाषेत. गावच्या दुकानात तुझ्या नावावर चारशेची उधारी आहे आणि दुकानदाराने ती तीनदा लिहिली. त्याने तिन्ही खाडाखोड करून काढल्या, तर तू बाराशेने वर आलास. −३ गुणिले −४०० म्हणजे + १२००. तुझे बाबा काजूच्या हंगामात बिया विकताना असले हिशेब तोंडी करत असतील. आईला सांग, घरात गणित आहे, फक्त वहीत लिहिलेलं नाही.

आता पाचवा प्रश्न. बीजगणितातली प्रत्येक पायरी तपासायची एक सोपी युक्ती आहे, ती वर्गात फारशी कुणी सांगत नाही. क्षच्या जागी एखादा आकडा घालून बघायचं. (क्ष + ६)/६ म्हणजे क्षच असेल, तर क्ष = ५ घातल्यावर दोन्हीकडे ५ यायला हवेत. डावीकडे येतात ११/६. संपलं. (अ + ब)² = अ² + ब² असं तू मागच्या पानावर लिहिलंयस, तिथे ३ आणि ५ घाल : एकीकडे ६४, दुसरीकडे ३४. मात्र तपासायला ०, १ किंवा २ घेऊ नकोस. हे आकडे लबाड आहेत. २ + २ आणि २ × २ दोन्ही चारच होतात, आणि चूक खपून जाते.

राहिलं पार्शल फ्रॅक्शन्स. तिथे वर्ग पुढे जातोय, म्हणून ते सोडून मागे जाऊ नकोस, दोन्ही एकदम चालव. सुदैवाने तो धडा म्हणजे सातवीतली अपूर्णांकांची बेरीजच, फक्त उलटी. १/२ आणि १/३ यांची बेरीज ५/६. आता ५/६ हातात देऊन कुणी म्हटलं, याचे तुकडे कर, तर तू १/२ आणि १/३ वर परत येशील. (५क्ष + १) भागिले (क्ष + २)(क्ष − १), याचंही तेच करायचं. तुकडे अ/(क्ष + २) आणि ब/(क्ष − १) मान. छेद समान केलास की ५क्ष + १ = अ(क्ष − १) + ब(क्ष + २). इथे क्ष = १ घातलं की अ असलेलं पद शून्य होतं, ६ = ३ब, म्हणून ब = २. क्ष = −२ घातलं की −९ = −३अ, म्हणून अ = ३. मग ३/(क्ष + २) + २/(क्ष − १) यांची बेरीज स्वतः करून मूळ अपूर्णांक येतो का बघ. बेरीज करता येत नसेल तर तो धडा कधीच कळणार नाही, सर कितीही हळू शिकवोत. म्हणून आधी साध्या आकड्यांचे अपूर्णांक, रोज अर्धा तास, सकाळी. सहावी ते आठवीची एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातले पूर्णांक, अपूर्णांक आणि साधी समीकरणं एवढेच धडे काढ.

फळ्यावरचं उतरवून घेणं म्हणजे अभ्यास नव्हे. सोडवलेलं उदाहरण वाच, वही मिट, कोऱ्या कागदावर पुन्हा लिही, आणि अडलास की तिथे खूण कर. मग ती खूण घेऊन सरांकडे जा. ‘सर, मला काहीच कळत नाही’ म्हटलंस तर सर बिचारे काय करणार? ‘तिसऱ्या ओळीत हे वजा कुठून आलं?’ असं विचारलंस तर दोन मिनिटांत काम होतं. गावी जाताना वाळपईच्या बसमध्ये गणितं सोडवायला जाऊ नकोस, त्या वळणांवर अक्षरही लागणार नाही. तिथे १९ पर्यंतचे पाढे म्हण. डिप्लोमाच्या मुलाला पाढे सांगते म्हणून हसशील, पण छेद समान करताना तेच अडतात.

पुढच्या चाचणीत १५ मिळतील असं मी म्हणणार नाही. ८-९ आले तरी ती उत्तरपत्रिका पुन्हा पाठव, चुका कुठे सरकल्या ते बघू.

प्रश्न : मुलगी अकरावी कॉमर्सला. गणित कच्चं. दोन ट्यूशन लावल्या तरी फरक नाही. तिसरी लावावी का?
(एक आई, काणकोण)

उत्तर : नको. असलेल्यातली एक बंदही करा. दोन ट्यूशन आणि कॉलेज म्हणजे मुलगी दिवसभर दुसऱ्याला गणित सोडवताना बघते, तिच्या हाताला कागद कधी लागतो? मोकळी झालेली वेळ तिला एकटीला द्या. समोर फक्त दहावीची वही आणि कोरे कागद, मोबाईल तुमच्याकडे. आणि वर सांगितलेली लाल पेनाची गोष्ट तिलाही करायला लावा, पण तुम्ही शेजारी बसू नका.