५ इंची आणि अडीच इंची तयार चौकोन थोडेच आहेत, त्यांचं काय शिवू?

तुम्ही लिहिलंय की ५ इंची चौकोनांची दोन पाकिटं आणि अडीच इंचीचं एक पाकीट भेट मिळालंय, प्रत्येकात ४२ तुकडे, सगळी बारीक फुलांची डिझाइनं, आणि जमिनीवर शेजारी शेजारी मांडून बघितले तर गोधडी लहान होतेय आणि वर नुसती गिचमिड दिसतेय. माझ्या मते या दोन्ही अडचणींवर उपाय एकच आहे, मधे साधं कापड घाला. एका रंगाचं, डिझाइन नसलेलं.

का ते सांगते. पाव इंच शिवण दोन्ही बाजूंनी गेली की ५ इंची चौकोन साडेचारचाच राहतो. म्हणजे ८४ तुकडे नुसते एकमेकांना जोडले, समजा ७ च्या १२ ओळी, तर साडेएकतीस बाय ५४ इंच होतात, धड लहान बाळाची नाही आणि मोठ्या माणसाची तर नाहीच. तेच एक आड एक ८४ साधे चौकोन घातले की १२ बाय १४ ची मांडणी होते आणि गोधडी ५४ बाय ६३ इंच, सोफ्यावर बसून पायावर घ्यायला मस्त साइज. ४४ इंच पन्ह्याच्या कापडात एका पट्टीत ८ चौकोन निघतात, म्हणजे ११ पट्ट्या, ५५ इंच, दीड मीटर घेतलं की झालं. आणि डोळ्याला मधेमधे विश्रांती मिळते त्यामुळे तीच फुलं जी आत्ता एकमेकांत मिसळून जातायत ती वेगवेगळी दिसायला लागतात.

पण त्याआधी एक काम नक्की करा, सगळे तुकडे पसरून मोबाइलने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. एका कलेक्शनचे चौकोन रंगाने वेगळे वाटतात पण फोटोत निम्मे सारख्याच करड्या रंगाचे दिसतात, आणि तेच शेजारी आले की डिझाइन हरवतं. फिकट एकीकडे, गडद एकीकडे, मधले वेगळे असे तीन ढीग करा. तुमचे बहुतेक मधले निघाले तर साधं कापड एकदम फिकट किंवा एकदम गडद घ्या, मधलं अजिबात नको.

एक आड एक मांडणी कंटाळवाणी वाटत असेल तर मला सगळ्यात आवडणारा प्रकार सांगते, डिसअपिअरिंग नाइन पॅच. नऊ चौकोनांचा एक ब्लॉक शिवायचा, चार कोपऱ्यांत तुमची फुलं, चार बाजूंना साधं फिकट कापड आणि मधोमध एक गडद चौकोन. तो ब्लॉक १४ इंचाचा होतो. मग तो उभा आणि आडवा बरोब्बर मधून कापायचा, ७ इंचाचे चार तुकडे होतात, त्यातले तिरके समोरासमोरचे दोन अर्धा वळसा फिरवायचे (पालथे नाही, फुलं वरच राहू द्या) आणि परत जोडायचे. पूर्ण झाल्यावर बघणाऱ्याला वाटतं किती किचकट शिवलंय, मोठे चौकोन, लांबट पट्ट्या आणि छोटे गडद ठिपके असं काहीतरी मस्त विखुरलेलं दिसतं, आणि शिवण मात्र सगळी सरळच. तुमच्या ८४ मधले ८० वापरून २० ब्लॉक होतील, सगळ्या शिवणी गेल्यावर एकेक १३ इंचाचा राहतो, ४ बाय ५ मांडले तर ५२ बाय ६५ इंच. साधे चौकोन ८० आणि गडद २० लागतील.

आता अडीच इंचीचं. हे शिवल्यावर फक्त २ इंच राहतात, ४२ नुसते जोडले तर १२ बाय १४ इंच, टेबलावरच्या रुमालाएवढं. मी त्यांना चौकट लावते, दीड इंच रुंदीच्या साध्या पट्ट्या चारही बाजूंनी, शिवल्यावर एकेक इंच राहतात. मग एकेक ब्लॉक ४ इंचाचा आणि ४२ चे मिळून २४ बाय २८ होतात, भिंतीवर लावायला छान. हातशिलाईची आवड असेल तर अडीच इंची चौकोनातून १ इंच बाजूचा षटकोन कागदावर दुमडून आरामात बसतो, प्रवासात करता येतं ते काम.

इतक्या लहान तुकड्यात चूक किती महागात पडते ते मात्र लक्षात असू द्या. शिवण पाव इंचापेक्षा सोळावा भाग जास्त गेली तर प्रत्येक जोडाला आठवा भाग इंच खाल्ला जातो, २० तुकड्यांच्या ओळीत १९ जोड, म्हणजे ओळ सव्वादोन इंचाहून जास्त आखूड! आणि दुसरी ओळ बरोबर आली असेल तर दोन्ही जुळणारच नाहीत. म्हणून आधी तीन अडीच इंची तुकडे जोडून इस्त्री करून मोजा, एकूण साडेसहा आणि मधला बरोबर २ यायला हवा. बहुतेक वेळा शिवण पाव इंचाहून दोऱ्याभर कमी घ्यावी लागते कारण दुमडीत थोडं कापड जातं.

कडा दातेरी असतील तर मोजताना आधी एक चौकोन पट्टीवर ठेवा. काही पाकिटांत दाताच्या टोकापासून टोकापर्यंत ५ इंच भरतात, काहींत दाताच्या खाचेपासून. माझी पहिली गोधडी याच्यामुळेच वाकडी झाली, मी दोन पाकिटं एकत्र वापरली, एकदाही मोजलं नाही आणि अर्धी उसवावी लागली, खूप वाईट वाटलं होतं तेव्हा. तुमच्याकडे दोन आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय.

आणि हो, हे चौकोन आधी धुवू नका. बाकी कापड मी नेहमी धुऊन घेते पण हे नाही, कडा उसवतात, दोरे एकमेकांत गुंततात आणि आटून प्रत्येकाची साइज वेगळी होते. रंग जाईल अशी भीती असेल तर गडद तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा.

इस्त्री सरकवू नका, उचलून ठेवा, उचलून ठेवा. एका ओळीची शिवण डावीकडे आणि खालच्या ओळीची उजवीकडे दाबली की दोन्ही जोड एकमेकांत अडकून बसतात आणि कोपरे आपोआप जुळतात, टाचण्याही कमी लागतात. टाका २ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, विशेषतः नाइन पॅच करणार असाल तर, कारण शिवलेलं परत कापायचंय आणि मोठा टाका कापल्यावर टोकाला सुटतो.

मी तुमच्या जागी असते तर आधी एकच ब्लॉक शिवून, कापून, फिरवून बघितला असता, साधं कापड कोणतं घ्यायचं ते त्यावरच ठरतं. उरलेले ४ चौकोन मागच्या अस्तरात एका ओळीत लावा, छान दिसतात.