मारोझान तेविसाव्या वर्षी वर आला, म्हणून आपणही तोवर वाट बघायची का? (उत्तर जरा लांबलंय)

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बायकोलाही वाचून दाखवली. बुडापेस्टमध्ये नोकरीनिमित्त आलेलं घर, मुलगा सोळाचा, टेनिसचं ज्युनियर रँकिंग बरं पण डोळे दिपवणारं नाही, कोच म्हणतो अठरापर्यंत काही दिसलं नाही तर सोडून द्या, आणि मुलगा म्हणतो हंगेरीचा टेनिसपटू मारोझान तेविसाव्या वर्षी चमकला, मलाही तेवढा वेळ द्या. बायको म्हणाली हे तर आपल्याच घरातलं कोणीतरी लिहिलंय. शहर तेच, वय तेच, पासपोर्टही आपलाच निळा. फक्त तेव्हा आमच्या पोराच्या तोंडी मारोझानऐवजी फुचोविच या दुसऱ्या हंगेरियन खेळाडूचं नाव असायचं.

एंट्री कशी टाकायची, साइन-इन, कुठल्या वयात कुठल्या ग्रेडच्या स्पर्धा, हे मी सांगत बसत नाही, इथवर आलात म्हणजे ते तुम्हाला येतंच. आणि आधीच सांगतो, मी कोच नाही आणि कधी धड खेळलोही नाही, गाडी चालवणारा आणि बिलं भरणारा बाप आहे, त्यामुळे टेक्निकबद्दल माझं काही ऐकू नका.

तर मारोझान. मुलगा सांगतोय ते खरं आहे, पण अर्धंच. ऑक्टोबर १९९९ चा जन्म, बुडापेस्टचाच. मे २०२३ मध्ये रोमच्या स्पर्धेला गेला तेव्हा रँकिंग १३५, क्वालिफायिंग (आधीच्या पात्रता फेऱ्या) खेळून आत आलेला, आणि एटीपी टूरच्या, म्हणजे पुरुषांच्या सगळ्यात वरच्या स्पर्धांच्या, मेन ड्रॉमध्ये (मुख्य स्पर्धेत) खेळायची ती पहिलीच वेळ. मूतेला हरवलं, लेहेच्काला हरवलं आणि तिसऱ्या फेरीत समोर अल्काराझ, जो नुकताच बार्सिलोना आणि माद्रिदच्या स्पर्धा जिंकून आला होता. ६-३, ७-६. ती मॅच आमच्याकडे सगळ्यांनी उभ्यानेच बघितली असेल, कारण ड्रॉप शॉट (जाळ्यापलीकडे अलगद टाकलेला चेंडू) हे अल्काराझचं हत्यार आणि हा पोरगा तेच त्याच्यावर उलटवत होता. पुढच्या फेरीत चोरिचने घरी पाठवलं ते सोडा. त्याच ऑक्टोबरमध्ये शांघाय मास्टर्सला रूडला हरवून क्वार्टरफायनल, मार्च २०२४ मध्ये मायामीला रूनला ६-१, ६-१ आणि परत क्वार्टरफायनल, आणि त्या उन्हाळ्याच्या तोंडावर जगात ३६ वा. रोमच्या आधी बारा महिने त्याचं नाव हंगेरीबाहेर कोणी घेत नव्हतं, हे लक्षात घेतलं की पोरांना हे उदाहरण का आवडतं ते कळतं.

(जाता जाता, रोमचा ड्रॉ ९६ खेळाडूंचा झाला तोही २०२३ लाच. मोठा ड्रॉ म्हणजे खालून येणाऱ्यांना जास्त जागा. नशीब म्हणा, पण दार उघडलं तेव्हा तो दारात उभा होता हेही खरं.)

आता हे ऐका. पिरोश म्हणून दुसरा एक मुलगा आहे, जोंबोर पिरोश, तोही ऑक्टोबर १९९९ चाच. त्याने जानेवारी २०१७ मध्ये ज्युनियर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. म्हणजे तुमच्या कोचच्या हिशेबाने अठराव्या वर्षी बघितलं असतं तर सगळे पैसे पिरोशवर लागले असते आणि मारोझानला कोणीतरी सांगितलं असतं की बाबा कॉलेजला जा. पिरोश वाईट नाही हां, चांगला आहे, पण बरीच वर्षं चॅलेंजरमध्येच, म्हणजे एटीपी टूरच्या एक पायरी खालच्या स्पर्धांत, घासतोय. फुचोविच तर ज्युनियर विंबल्डन २०१० चा विजेता, आणि पहिल्या शंभरात यायला त्याला २०१७ उजाडलं. मग २०१८ ला जिनिव्हाची स्पर्धा जिंकला, तारोत्सीनंतर म्हणजे १९८२ नंतर एटीपी सिंगल्स जिंकणारा पहिला हंगेरियन. मुलींमध्ये इथल्याच दाल्मा गाल्फीने २०१५ ला ज्युनियर यूएस ओपन जिंकली, फायनलला समोर सोफिया केनिन होती. केनिन २०२० ला ऑस्ट्रेलियन ओपनची चॅम्पियन झाली आणि गाल्फी पहिल्या शंभरात आली २०२२ मध्ये. सात वर्षं! म्हणून अठराची रेघ मला तरी पटत नाही. कोचला राग येईल, येऊ दे.

पण म्हणून तुमचा मुलगा म्हणतो तेही बरोबर होत नाही. ही सगळी मंडळी वाट बघत टिकली ती कशाच्या जोरावर, ते कोणी बघतच नाही. एम१५ स्पर्धा (फ्युचर्स म्हणतात त्यातली सगळ्यात खालची पायरी) म्हणजे एकूण पंधरा हजार डॉलर बक्षिसाची, सिंगल्स जिंकलं तर दोन हजाराच्या थोडं वर मिळतात आणि पहिल्याच फेरीत हरलं तर दीडेकशे. त्यातून टॅक्स कापला जातो ते वेगळं. त्यात हॉटेल पण सुटत नाही. एटीपीने २०२४ पासून किमान कमाईची हमी आणली, त्या वर्षी पहिल्या शंभरातल्यांना तीन लाख डॉलर, १७५ पर्यंत दीड लाख, २५० पर्यंत पंचाहत्तर हजार. चांगली गोष्ट आहे. पण ४०० व्या नंबरवरच्याला त्याचा काय उपयोग? तिथे पोचेपर्यंतची चार-पाच वर्षं घरूनच काढायची.

आणि इथल्या पोरांना ती काढता येतात, कारण भूगोल. उन्हाळाभर लाल माती, क्लब ट्रामच्या अंतरावर, राहायला आईबापाचं घर. गुरुवारी कळलं की ऑस्ट्रियात किंवा क्रोएशियात क्वालिफायिंगला जागा आहे, तर रॅकेट मागच्या सीटवर टाकली की निघाले, हरले तर मंगळवारी रात्री परत घरी जेवायला. वीकेंडला जर्मनी-ऑस्ट्रियातल्या क्लबांसाठी लीग मॅच खेळायच्या, त्याचे पैसे फ्युचर्सपेक्षा बरे. आणि हे सगळं हंगेरियन पासपोर्टवर, म्हणजे कुणाला विचारायचं नाही, कुठे रांगेत उभं राहायचं नाही. मारोझान २०२२ पर्यंत फ्युचर्स आणि चॅलेंजर खेळत राहू शकला त्यात त्याचे कष्ट आहेतच, कोण नाही म्हणतं, पण हा पासपोर्टसुद्धा आहे. तुमच्या मुलाचा आणि त्याचा फोरहँड एकवेळ सारखा होईल, हे सारखं होणार नाही.

आमचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं, म्हणून एवढं लिहितोय.

पोराचा सीझन तेव्हा खरंच चांगला चालला होता. फ्युचर्सच्या मेन ड्रॉमध्ये थेट घेत होते, क्वालिफायिंग सुटलं होतं, ज्याने खेळलंय त्याला कळेल केवढी सुटका असते ती. शेंगेनबाहेरच्या (शेंगेन म्हणजे आपसात सीमेवर तपासणी नसलेले युरोपातले देश) एका देशात लागोपाठ तीन आठवडे स्पर्धा होत्या, त्याचा व्हिसा हवा होता. देशाचं नाव घेत नाही, व्हिसा केंद्राचंही घेत नाही, इथे कोणाशी भांडायचं नाहीये. कागद पूर्ण, स्पर्धेचं स्वीकृतीपत्र जोडलेलं, बँकेचं स्टेटमेंट, परतीचं तिकीट, रेसिडेन्स कार्डची प्रत. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं दहा कामाचे दिवस आणि पासपोर्ट ठेवून घेतला. दहा झाले, मग फोन केला तर 'प्रक्रियेत आहे'. परत केला, 'प्रक्रियेत आहे'. ईमेलला ऑटोमॅटिक उत्तर. प्रत्यक्ष गेलो तर म्हणे अपॉइंटमेंट शिवाय बोलता येणार नाही, आणि अपॉइंटमेंट मिळायची वेबसाइट म्हणजे कायम पांढरं पान. ते तीन आठवडे तर गेलेच. पण खरी गंमत पुढे, आम्ही म्हटलं जाऊ दे तो व्हिसा, अर्ज मागे घेतो, पासपोर्ट परत द्या, पोराला शेजारच्या देशात खेळायचंय. तर उत्तर आलं की अर्ज मागे घ्यायचा असेल तर तोही अर्ज आहे आणि तोही प्रक्रियेत जाईल!

आणि पासपोर्टशिवाय पोरगा कुठे जाणार? तेव्हा क्रोएशिया शेंगेनमध्ये नव्हता, सीमेवर तपासणी, पासपोर्ट नाही म्हणजे विषय संपला. ज्या स्पर्धांत नाव लागलेलं त्यातून उशिरा नाव मागे घ्यावं लागलं, त्याचा ठपका वेगळा. आणि मागच्या वर्षी नेमके त्याच आठवड्यांत कमावलेले पॉइंट होते. ५२ आठवडे झाले की पॉइंट जातात, ते कोणाच्या खिडकीत अडकलाय हे विचारत नाहीत. दुखापतीला प्रोटेक्टेड रँकिंग (जुनं रँकिंग राखून ठेवायची सोय) असतं, कारकुनाला नसतं. रँकिंग उतरलं, मेन ड्रॉ गेला, परत क्वालिफायिंग, म्हणजे तेच पॉइंट मिळवायला दोन-तीन मॅच जास्त, तेही उन्हात, तेही दमलेल्या पायांनी. पासपोर्ट शेवटी आला तो पानाला पिन मारलेला, आत व्हिसा मंजूर, आणि स्पर्धा संपून गेलेल्या. एक ओळ दिलगिरीची नाही. ती पिन बायकोने अजून ठेवलीय, का ते विचारू नका.

असो. बीपी वाढतं.

बरं, आता परिस्थिती तुमच्यासाठी आमच्यापेक्षा खूप बरी आहे, हे मुद्दाम सांगतो. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आलाय आणि रोमानिया जानेवारी २०२५ पासून रस्त्यानेही पूर्ण आत. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आधीपासून होतेच. म्हणजे इथल्या रेसिडेन्स कार्डावर पोरगा गाडीने पोचेल अशा अंतरात एवढ्या स्पर्धा आहेत की दोन वर्षं शेंगेनबाहेर पाऊल टाकायची गरज नाही. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहायचा नियम बाकीच्या शेंगेन देशांना लागतो, हंगेरीतले दिवस त्यात धरत नाहीत, तेवढं वहीत लिहीत जा. (मी वकील नाही, नियम बदलतात, एकदा विचारून घ्या.) शेंगेनबाहेर मोनास्तिर (ट्युनिशिया) आणि अंताल्याला (तुर्की) जवळपास दर आठवड्याला फ्युचर्स असतात, सगळे जातात, स्वस्त पडतं, मान्य. पण व्हिसासाठी पासपोर्ट हातातून सोडायचाच असेल तर डिसेंबरमध्ये सोडा. एप्रिल ते ऑक्टोबर बाहेर माती चालू असते तेव्हा पासपोर्ट कुठल्याही खिडकीत द्यायचा नाही, कोणी कितीही गोड बोललं तरी. हे माझं मत नाही, हा आमच्या घरचा कायदा आहे.

कोचने दिलेल्या अठराच्या मुदतीबद्दल विचारलंत. मी असतो तर वय काढूनच टाकलं असतं आणि दुसरंच बघितलं असतं, की पोरगा हरतोय कोणाकडे. सोळाव्या वर्षी ज्या पातळीच्या पोरांकडे हरत होता त्याच पातळीकडे एकोणिसाव्या वर्षी हरत असेल तर मारोझानचं नाव घेऊन उपयोग नाही. आणि त्याला हरवणारे बदलत असतील, म्हणजे आता पाचशेवाल्यांना हरवतोय आणि तीनशेवाल्यांकडे तीन सेटमध्ये जातंय, तर मग बावीस काय आणि तेवीस काय. मारोझानही ३६ वर काही बसून राहिला नाही, शांघाय-मायामीचे पॉइंट वर्षाने गेले आणि तो खाली सरकला. तिथेही तेच गणित आहे, फक्त शून्यं जास्त.

कोचशी भांडू नका मात्र. त्याला विचारा, सीझनमध्ये तो किती आठवडे सोबत येणार आणि त्याचं हॉटेल कोण देणार. या प्रश्नाच्या उत्तरावरून त्याचा तुमच्या मुलावर किती विश्वास आहे ते अठरा-बिठराच्या गप्पांपेक्षा लवकर कळतं.

शाळा सोडू देऊ नका. यावर वाद घालायची माझी तयारी नाही. बारावी म्हणा, एरेत्शेगी (इथली शाळा संपतानाची परीक्षा) म्हणा, जे काय ते पूर्ण होऊ दे, कारण अमेरिकन कॉलेजचं दार उघडं ठेवायचं असेल तर ते लागतंच, आणि ते दार म्हणजे चार वर्षं फुकट कोर्ट, फुकट फिजिओ आणि रोज मॅच. आमच्या पोराने ते नाकारलं, त्याची मर्जी.

आणि डबल्स खेळू दे. लोक डबल्सला कमी लेखतात. हंगेरीची बाबोश बघा, शोप्रोनसारख्या छोट्या गावची, म्लादेनोविचबरोबर चार ग्रँड स्लॅम आणि २०१८ मध्ये डबल्सची नंबर एक. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनच्या मिक्स्ड फायनलला आपल्या रोहन बोपण्णाबरोबर होती, सुपर टायब्रेक (तिसऱ्या सेटऐवजी खेळतात तो) ११-९ ने हातातून गेला, मी तेव्हा टीव्हीसमोर अक्षरशः दोन्ही देशांच्या वतीने ओरडत होतो. फ्युचर्समध्ये सिंगल्स सोमवारी-मंगळवारी संपलं तर डबल्समुळे पोरगा गुरुवारपर्यंत तिथे राहतो, चांगल्या लोकांबरोबर सराव मिळतो आणि थोडे पैसेही.

आमचा आता काय करतो विचाराल म्हणून सांगतो, लीग मॅच खेळतो आणि उरलेल्या आठवड्यात एका क्लबात लहान पोरांना शिकवतो. पहिल्या शंभरात नाही गेला. चिडचिड नाही करत, उलट माझीच जास्त होते हे तुम्हाला वरून कळलंच असेल.

अजून एक, स्ट्रिंगिंगवर फार पैसे जातात, विशेषतः मातीवर, तारा खातात नुसत्या. आमच्याकडे जुनं हाताने फिरवायचं मशीन तळघरात पडून आहे, चालू आहे, पोराला शिकायला अर्धा दिवस पुरेल. पैसे नकोत. हवं असेल तर मेसेज करा, शनिवारी दुपारी घरी असतो, बाकी वेळ मी बऱ्याचदा आमच्या पोराला मॅचला सोडायला गेलेला असतो.