डबा बंद केल्यावर प्रोग्राम कसा बदलायचा?

प्रश्न : ताई, शेतातल्या मोटारीसाठी मी ईएसपी३२ या वायफाय असलेल्या चिपवर कंट्रोलर बनवला आहे. पाऊस आणि धूळ लागू नये म्हणून प्लास्टिकच्या डब्यात बसवून वरून एपॉक्सी (सुकल्यावर दगडासारखं घट्ट होणारं रेझिन) ओतायचा विचार आहे. पण पुढे प्रोग्राम बदलायचा झाला किंवा वायफायचा पासवर्ड बदलला तर? यूएसबी आणि रिसेट बटणासाठी डब्याला भोकं पाडू का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : भोकं पाडू नका, आणि एपॉक्सीची तर अजिबात घाई करू नका. मी असेच सहा कंट्रोलर एपॉक्सीत बुडवून शेजारच्या गावात बसवून दिले होते. उन्हाळ्यात शेतमालकाने राउटर बदलला आणि सहाही मुके झाले. छिन्नीने फोडायला गेले, तर तीन बोर्डांचे तांब्याचे ट्रॅक एपॉक्सीबरोबर उखडून हातात आले. ऐन पाण्याच्या दिवसांत तो माणूस रात्री-अपरात्री विहिरीवर जाऊन स्टार्टर दाबत होता. ते मला अजून लागून राहिलं आहे.

रिसेटसाठी रीड स्विच घ्या. काचेच्या बारीक नळीत दोन पात्या असतात, चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना टेकतात. स्विच डब्याला आतून चिकटवा आणि बाहेर त्याच जागी रंगाचा ठिपका द्या. चुंबक ३ सेकंद धरला तर रीस्टार्ट, १० सेकंद धरला तर जुना पासवर्ड पुसून कंट्रोलरने स्वतःचं हॉटस्पॉट सुरू करायचं, असं प्रोग्राममध्ये लिहा. स्विच चिपच्या साध्या पिनला जोडा, जीपीआयओ ० या पिनला नको; सुरू होताना चिप ती पिन ग्राउंडला आहे का ते बघते. चुंबक तिथेच राहिला आणि लाइट जाऊन आली, तर चिप तुमचा प्रोग्राम सुरू न करता नव्या प्रोग्रामची वाट बघत बसेल. मोटार चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलपासूनही स्विच लांब ठेवा, तीही चुंबकासारखीच वागते. प्रोग्रामच अडकला तर चुंबकाकडे बघणार कोण? त्यासाठी वॉचडॉग, म्हणजे प्रोग्राम अडकला की चिप आपोआप रीस्टार्ट करणारा टायमर, चालू हवा.

प्रोग्राम वायफायवरून बदला. फ्लॅशमध्ये (चिपच्या कायमच्या मेमरीत) प्रोग्रामसाठी दोन जागा ठेवल्या की नवा रिकाम्या जागेत उतरतो आणि जुना शाबूत राहतो. नवा नीट चालला नाही तर जुन्यावर परतण्याची सोय बूटलोडरमध्ये (चिप सुरू होताच आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) असावी लागते, म्हणून ती आणि या दोन जागा डबा बंद करण्याआधीच ठरवा. नव्या प्रोग्रामने ‘मी ठीक आहे’ ही खूण वायफाय जोडल्यावरच करावी, सुरू होताक्षणी नाही. नाहीतर वायफायच न जोडणारा प्रोग्राम पक्का होऊन बसतो.

एवढं करूनही एक दिवस तार लावावी लागतेच. ३.३ व्होल्ट, ग्राउंड, टीएक्स आणि आरएक्स (डेटा पाठवायची आणि घ्यायची पिन), ईएन (रिसेटची पिन) आणि जीपीआयओ ० अशा सहा पिना झाकणाखाली एका ओळीत काढा. झाकण रबरी गॅस्केट आणि स्क्रूचं असू द्या आणि बोर्डावर एपॉक्सीऐवजी कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल-धुळीपासून वाचवणाऱ्या पातळ थराचा) हात द्या. पिना मात्र आधी टेपने झाका. जीपीआयओ ० ग्राउंडला धरून ईएन क्षणभर ग्राउंडला टेकवलं की चिप नवा प्रोग्राम घ्यायला तयार होते. लॅपटॉप या पिनांना जोडणारा यूएसबी अ‍ॅडॅप्टर ३.३ व्होल्टचाच वापरा, ५ चा नको.

आणि हे जिवाचं आहे. तुमच्या बोर्डाचा सप्लाय ट्रान्सफॉर्मरशिवाय, नुसत्या कपॅसिटरवरचा असेल, तर त्याचं ग्राउंड थेट मेन लाइनला जोडलेलं असतं. तसं असल्यास एमसीबी पाडून मेनच्या दोन्ही तारा सोडवा आणि मगच लॅपटॉप जोडा; बोर्डाला सप्लाय त्या यूएसबी अ‍ॅडॅप्टरवरूनच द्या.